‘टेक’ची पंगत

उमरी तालुक्यात पंगत कुणाच्याही घरची असो, बुंदी वाढायला बालाजीच लागतो. एम.ए. इंग्लिश, वर बी.एड., पण कमरेला टॉवेल खोचून बादली हातात घेतली की गड्याच्या अंगात येतं. लोक ताटावर हात आडवा धरून ‘बस, बस’ म्हणतात, हा तोंडानं ‘बरं, बरं’ म्हणतो आणि बोटांच्या फटीतून बुंदी सोडून पुढच्या ताटापाशी पोचतोही. रागावणार कोण? आग्रह नसलेली पंगत म्हणजे पंगत न्हाई, खानावळ.

अख्ख्या तालुक्यात एकच हात त्याला हरवायचा, अमृतरावांचा. सुपाएवढा पंजा, ताटावर पडला की बुंदीचा दाणा आत जायचा न्हाई. आणि नशीब बघा, ह्याच अमृतरावांची थोरली लेक ऋतुजा बालाजीच्या मनात भरलेली. एकतर्फी नव्हतं बरं का. करीन तर बालाजीलाच, असं तिनं घरात तोंडावर सांगितलं होतं. पण बाप पडला पक्का. “पोरगं लाखात एक हाय. पण बिननोकरीच्या पोराला पोरगी न्हाई,” म्हणायचे, आणि विषय निघाला की पंगतीतल्यासारखा हात आडवा धरायचे.

आता नोकरी काय बाभळीला लागते? बालाजीनं शाळांचे उंबरठे झिजवले आणि शेवटी बापाबरोबर हळदीच्या रानात उतरला. अशात लातूरच्या एका क्लासमधून फोन आला. इंग्रजीचे सर सोडून गेले होते, डेमो लेक्चर द्यायला या. क्लासचे मालक रेणुकादास सर फोनवरच म्हणाले, “विषय एकच, ‘टेक’ हे क्रियापद. आमची मुलं तिथंच आपटतात. आणि एक सांगून ठेवतो. मुलं काय, बसवली की बसतात. पण डेमोला मागच्या बाकांवर पालक असतात. ते मधूनच उठायला लागले की तुम्हीही खडू ठेवायचा.”

बालाजी पहाटेच्या गाडीनं निघाला तो ओठ हलवतच. टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक आफ्टर. शेजारच्या म्हातारीला वाटलं महाराज जप करून राहिलेत. उतरताना तिनं नमस्कार केला, ह्यानंही बेधडक आशीर्वाद देऊन टाकला.

लेक्चर दुपारचं, जेवणानंतरचं. बालाजीनं ठेवणीतली भाषा काढली. “विद्यार्थी मित्रहो, ‘टेक’ या क्रियापदाच्या विविध अर्थच्छटा आपण पाहणार आहोत.” फळा भरत चालला. पोरं खाली मान घालून उतरवत होती. लातूरची पोरं ती, सर शिंकले असते तरी उतरवून घेतलं असतं. मागं मात्र जांभया सुरू झाल्या. एक तर चक्क घोरून राहिला होता. बालाजीनं त्या बाजूला नजर टाकली आणि त्याच्या हातातला खडूच मोडला. शेवटच्या बाकावर अमृतराव बसले होते. धाकटी लेक पुनम शेजारी, तिच्याच ॲडमिशनसाठी आलेले, नेमके ह्याच क्लासला.

त्यानंतर काय शिकवलं ते त्याचं त्याला ठाऊक न्हाई. अमृतरावांनी पायानं चप्पल चाचपली, पिशवी उचलली आणि ते अर्धे उठले. त्यांचं बघून बाजूचे दोघं हलले. दारातल्या रेणुकादास सरांनी घड्याळ पाहिलं. नोकरी गेली, ऋतुजा गेली, बालाजीनं मनात हिशेब केला.

आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, तेही मांडवातल्या आवाजात, “मामा, खाली बसा. पंगत उठली न्हाई अजून.”

अमृतराव मटकन बसले. जन्माची सवय. शेजारचा जेवत असताना पानावरून उठायचं असतं का? बाजूचे दोघंही बसले. आणि पोरं जी खिदळायला लागली.

बालाजीला वाट सापडली. रुमाल कमरेला खोचला, खडूचा डबा बादलीसारखा धरला आणि तो रांगेत शिरला. “चला, वह्या उघडा, ताटं मांडा. हे घे, टेक ऑफ. विमान उडालं, टेक ऑफ. घरी जाऊन बूट काढले, तेबी टेक ऑफ. तू घे टेक आफ्टर. नाक कुणावर गेलंय तुझं? आईवर? मग यू टेक आफ्टर युवर मदर.” मागं त्या आईनं नाकाला पदर लावला.

“टेक फॉर ग्रँटेड जरा तिखट हाय. आईनं रोज डबा दिला, कधी बरा झाला म्हणालास? न्हाई? मग तिला टेक फॉर ग्रँटेड करून राहिलास.”

एका पोरानं वहीवर हात आडवा धरला, “बस सर.” सरांनी बोटांच्या फटीतून खडूनं ‘टेक केअर’ लिहिलंसुद्धा. “सर, आमची रांग राहिली,” पलीकडून ओरड झाली. “आम्हाला काहीच न्हाई का?” मागच्या बाईंनी विचारलं. “आलो की ताई. तुम्ही टेक युवर टाइम, सावकाश होऊ द्या.” घोरणारे गृहस्थ जागे झाले, त्यांना टेक अ नॅप पडलं. बालाजी हवेत होता. आयुष्यात इतकी मजा त्याला खऱ्या बुंदीनंही दिली नव्हती.

वाढत वाढत तो शेवटच्या बाकाशी आला. बाकावर तोच पंजा आडवा पसरला होता.

बालाजीचा आवाज एकदम खाली आला. “मामा, एकच वाढतो. टेक माय वर्ड. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. ऋतुजाला सुखात ठेवीन.”

तास संपल्याची घंटा झाली. एकही पोर उठलं न्हाई. सगळे मागं वळून त्या हाताकडं बघत बसले. पुनमनं वडलांना हळूच कोपरानं ढोसलं, “बाबा, पंगत खोळंबलीय.”

अमृतरावांनी हात बाजूला घेतला. “वाढ,” ते म्हणाले.

रेणुकादास सर लगबगीनं पुढं आले. “अहो, थांबा, नोकरीचं मी अजून काही बोललोच नाही.”

“तुमचं तुम्ही बघा,” अमृतराव म्हणाले. “माझ्या ताटात काय पडलं ते मला कळलं.”

“उद्यापासून या,” रेणुकादास सर बालाजीला म्हणाले. अमृतरावांनी चपला घातल्या, आणि मग पंगत उठली.