मालकांची सहल

जळगाव जामोदच्या कोर्टासमोर मंजुश्री तायडेनं वकिलीची पाटी लावली तेव्हापासून तिच्या ऑफिसात एकच नियम होता, आणि तो ऐकून भल्याभल्यांचं डोकं सटकायचं. ज्या बाईचं गाऱ्हाणं, तिनंच ते सांगायचं. सोबत नवरा असो, भाऊ असो की सासरा, त्याला मंजुश्री हसून म्हणायची, "दादा, बाहेर चाय पिऊन या."

झुंबरबाई पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या, उकंडरावांच्या मागोमाग. उकंडराव खुर्चीत टेकले नाहीत तोच सुरू झाले. बायकोच्या माहेरच्या वावरात हिस्सा पाहिजे, साल्यांना कोर्टात खेचायचं, सोडायचं नाही.

"हिस्सा कोणाचा?" मंजुश्रीनं विचारलं.

"हिचाच की."

"मग हिलेच बोलू द्या. तुमी चाय पिऊन या."

उकंडराव धुसफुसत गेले. झुंबरबाई बराच वेळ पंख्याकडे पाहत बसली. बाई मुकी आहे की काय, असं मंजुश्रीला वाटलं. मग झुंबरबाई हळूच म्हणाली, "वकीलबाई, वावराचं पाहू मंग. भावाईनं मले दिवाईले बोलावणं बंद केलं, ते पह्यले सुरू करून द्या." मंजुश्रीनं भावांना बोलावून समेट केला. वावराचा तुकडाही मिळाला आणि दिवाळीचं बोलावणंही. तेव्हापासून झुंबरबाई बोलायला लागली ती कायमची. उकंडरावांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता. घरात कोण बोलतं याकडे त्यांचं कधी लक्ष असेल तर ना!

मंजुश्रीनं पुष्कळ खटले जिंकले. पण एक जिंकलेला खटला तिच्या छातीवर बसला होता. तिच्या गावात बौद्धवाड्यातून स्मशानात जायला रस्ता नव्हता, आणि तो करून द्यावा असा निकाल तिनं स्वतः आणला होता. निकाल आला, रस्ता काही आला नाही. ऐन पावसाळ्यात तिचे वडील पंजाबराव गेले, तेव्हा खांदेकरी गुडघाभर चिखलात रुतले आणि बापाचं प्रेत कलंडता कलंडता वाचलं. आई सिंधूताई रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुह्या निकालावरून चालता येते काय वं, माय?"

तो टोला मंजुश्रीच्या वर्मी बसला. खुर्चीत बसलेला माणूस ढिम्म हलत नसेल तर खुर्चीच घ्यावी, असं तिनं ठरवलं. पंचायत समितीच्या निवडणुकीत ती उभी राहिली, तेही राखीव नसलेल्या जागेवरून. लोक हसले. ती निवडून आली आणि लोक गप्प झाले.

आता सभापती व्हायचं होतं. समितीत आठ सदस्य, त्यातल्या सहा बाया, आणि त्यांत झुंबरबाईही. सगळे अपक्ष, त्यामुळे पक्षाच्या आदेशाची भानगड नव्हती. ज्याच्याकडे जास्त हात, त्याची खुर्ची. तालुक्यातले जुने पुढारी गुलाबराव यांना ती निवडून आलेल्या सुनेसाठी, पुष्पांजलीसाठी पाहिजे होती. म्हणजे बसणार सून, चालवणार सासरा. गुलाबराव या धंद्यात मुरलेले. निवडीआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला नेऊन ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गुलाबरावांनी दोन गाड्या काढल्या आणि सगळ्यांना चिखलदऱ्याला नेलं.

सगळ्यांना म्हणजे कोणाला? दोन पुरुष सदस्यांना आणि बायांच्या नवऱ्यांना! गावोगावी 'मेंबर साहेब' म्हणून सत्कार घेत फिरायचे ते नवरेच. बाया तेवढ्या सहीपुरत्या. तेव्हा गुलाबरावांना बायांची आठवणच झाली नाही. कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "बाया कायले? मालक आपल्यापाशी, म्हंजे बाया आपल्यापाशी."

मंजुश्रीला ही बातमी कळली तेव्हा तिचा धीरच सुटला. नवऱ्यांनी गुलाबरावांना शब्द दिला, आता संपलं, असं तिला वाटलं. दुपारी फोन वाजला. पलीकडून झुंबरबाई बोलत होती. "वकीलबाई, घरी कोणी नाही. मालक थंड हवा खाऊन राह्यले. तुमी भाकर खाले या. बाकीच्याबी येऊन राह्यल्या."

झुंबरबाईनं तिला ओसरीत बसवलं नाही. थेट चुलीपाशी नेलं आणि आपल्याच ताटाशेजारी तिचं ताट मांडलं. त्या घरात बौद्धवाड्यातलं माणूस तिथवर कधी गेलं नव्हतं. मंजुश्रीनं भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला. मत मागायला तिची जीभ उचलेना. तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला, "तुमच्या गावाले काय पाहिजे? तुमीच सांगा."

मग काय, चार बाया नुसत्या सुटल्या. कोणाला अंगणवाडीला छत हवं होतं, कोणाला पोरींसाठी वेळेवर बस. मालकांनी कधी विचारलंच नव्हतं. उठताना झुंबरबाई म्हणाली, "अन् तुमचा तो रस्ता. तो मी मांडतो."

निवडीच्या दिवशी गाड्या चिखलदऱ्याहून थेट समितीच्या दारात आल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! गुलाबरावांनी गुलाल आणि ढोलताशेवाले आधीच आणून ठेवले होते. नवरे ऐटीत सभागृहाकडे निघाले, तर अधिकाऱ्यांनी दारातच अडवलं. "फक्त सदस्य आत."

"आमीच तं सदस्य," उकंडराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं.

आत पुष्पांजलीसाठी तीन हात वर झाले, तिचा स्वतःचा धरून. मग मंजुश्रीचं नाव पुकारलं. तिनं आपला हात वर केला आणि भीतीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा झुंबरबाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, आणि तिच्या शेजारी आणखी तीन हात होते. पाच विरुद्ध तीन. मंजुश्री तायडे सभापती झाली.

पुष्पांजली उठून तिच्यापाशी आली. "बरं झालं, ताई. मले तं कोणी इचारलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि मोकळं हसली.

बाहेर ढोलवाल्यांना कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. सिंधूताई गुलालात न्हाऊन फाटकाशी उभी होती, आणि आता मात्र रडत होती.

मंजुश्री खुर्चीत बसली. डोळे पुसून म्हणाली, "झुंबरबाई, बोला. पहिला विषय तुमचा."

झुंबरबाई उठली. तेवढ्यात दार ढकलून उकंडरावांनी मान आत घातली. "हे पाहा मॅडम, तिचं म्हननं असं हाय का..."

झुंबरबाईनं मागं वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"मी बोलून राह्यली नं," ती म्हणाली. "तुमी बाहेर चाय पिऊन या."

उकंडराव गेले. मग ती सभेकडे वळली आणि म्हणाली, "तं रस्त्याचं असं हाय."