आज साहेब कोण?

तिने जुन्या पायमोज्याने कपाटाचं दार पुसलं आणि मार्कर पुन्हा नवऱ्याच्या हातात दिला.

"परत एकदा. बटणापासून सांगा."

कपाट झोपायच्या खोलीतलं. दार पांढरं, गुळगुळीत, म्हणून त्यालाच दोघांनी फळा करून टाकलं होतं. नवऱ्याने डावीकडे एक चौकोन काढला, हे गिऱ्हाईक. मधे दुसरा, ही आपली कंपनी. उजवीकडे तिसरा, ही बँक. प्रश्न ऐकायला अगदी पोरखेळ वाटावा असा: गिऱ्हाइकाने पैसे भरायचं बटण घाईघाईत दोनदा दाबलं, तरी पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत. त्याने बाण काढले, प्रत्येक व्यवहाराला खुणेचा एक क्रमांक दिला, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर दारातूनच परत पाठवला. इथपर्यंत गाडी झकास आली.

"बँकेने पैसे कापले," खुर्चीत बसून ती म्हणाली, "पण कापल्याचा निरोप तुमच्याकडे येताना वाटेत हरवला. आता?"

मुलाखतीचा सराव चालू असताना एकमेकांना अहो-जाहो करायचं, हे ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यावरून दोघं पोट धरून हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

"बँकेला पुन्हा विचारायचं," तो म्हणाला.

"बँकही गप्प आहे."

त्याने मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला ते बघवेना. हाच माणूस ऑफिसात असताना अशा भानगडी एका हाताने निस्तरायचा, फोन खांद्यात धरून, समोरच्याला धीर देत. त्याला येत नव्हतं असं नाही. पण घरी बसल्यापासून त्याला काय झालं होतं कोण जाणे, समोर बसून कुणी विचारलं की बत्ती गुल. या एका जागेवर तर हमखास.

"नाही," ती म्हणाली.

हाही नियमच. जुन्या कंपनीत दोघंही मुलाखती घ्यायचे, आणि तिथे प्रत्येक मुलाखतीनंतर एकच शब्द सांगावा लागे: घेतलं किंवा नाही. 'बघू', 'बरा वाटतो', असलं काही चालत नसे. घरीही तसंच करायचं, उगाच गोंजारायचं नाही, असं त्यानेच आग्रहाने ठरवलं होतं. तेव्हा त्याला काय ठाऊक, सगळे नकार त्याच्याच वाट्याला येणार म्हणून.

मग ती उभी राहिली आणि तो खुर्चीत बसला. तिने तेच तीन चौकोन काढले आणि निरोप हरवल्यावर काय करायचं ते शेवटपर्यंत नेलं.

"घेतलं," तो म्हणाला, दाराकडे न बघताच.

बाहेर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी आवाज दिला, "आज साहेब कोण नि उमेदवार कोण?" त्या रोज हेच विचारायच्या आणि रोज स्वतःच हसायच्या.

दोघं एकाच कंपनीत होते, आणि कंपनीने आख्खा विभागच बंद केला तेव्हा दोघंही एकाच आठवड्यात घरी आले. सुरुवातीला वाटलं, एवढा अनुभव गाठीशी आहे, नोकऱ्या दारात उभ्या राहतील. कसलं काय! अर्जांवर अर्ज केले. बहुतेकांनी पोचसुद्धा दिली नाही. एका पोरगेल्या आवाजाने फोनवर दोघांचीही वयं विचारून घेतली आणि 'कळवतो' म्हणून जो ठेवला तो ठेवला. साठवलेलं संपत आलं होतं, घराचे हप्ते काही थांबत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याने हल्ली दाढी करणं सोडलं होतं, आणि आपल्याला ते दिसतंय हे ती त्याला दाखवत नव्हती.

अशात एका कंपनीने बोलावलं. वरिष्ठ इंजिनीअरची एकच जागा होती आणि बोलावणं दोघांनाही आलं. आडनावं वेगळी, नवरा-बायको असल्याचं कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना. "कुणालाही मिळो, घर तर एकच आहे ना," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मुलाखत आधी नवऱ्याची, दुसऱ्या दिवशी तिची. त्याने आल्यावर तिला सगळं सांगायचं, हे न बोलताच ठरलं.

तो गुळगुळीत दाढी करून गेला आणि दुपारी परत आला. आधी बराच वेळ न्हाणीघरात तोंड धूत राहिला. मग येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"तिकिटांचं विचारलं," तो म्हणाला. "लाखभर लोक एकदम तिकिटं काढायला आले आणि खुर्च्या मोजक्या, तर एक खुर्ची दोघांना जाऊ नये म्हणून काय कराल?"

"आणि तुझं कसं झालं?"

"ठीक झालं."

त्याने मुलाखत घेणाऱ्या चष्मेवाल्याची नक्कल करून दाखवली, सारखं पेन टकटक वाजवतो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने कुणाची तरी नक्कल केली होती, म्हणून तिला बरं वाटलं. मग संध्याकाळभर त्याने तिच्याकडून तिकिटांचाच सराव करून घेतला. तोंडाला फेस आणला. आडून विचारलं, उलटं विचारलं, मधेच उठून तिच्यासाठी चहा केला. कपाटाचं दार खुर्च्यांच्या चौकोनांनी भरून गेलं. शेवटी तो म्हणाला, "घेतलं." या खेपेला तिच्याकडे बघून म्हणाला.

सकाळी ती उठली तर तिचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले होते.

चष्मेवाल्याचं पेन खरंच टकटकत होतं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याने थोडं अवसानही आलं. खोली लहान होती, एका भिंतीला फळा, टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या. त्याने तिच्या जुन्या कामाविषयी थोडं विचारलं, मग मार्कर तिच्याकडे सरकवला.

"या जागेसाठी आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारतोय," तो म्हणाला. "म्हणजे तुलना करायला सोपं जातं. समजा, गिऱ्हाइकाने पैसे भरायचं बटण दोनदा दाबलं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सगळ्यांना हाच?" तिने विचारलं.

"हाच. काल आलेल्यांनासुद्धा."

ती फळ्याकडे वळली, तेवढाच तोंड लपवायला आडोसा. हात आपोआप चालला: गिऱ्हाईक, कंपनी, बँक. हे तिने नवऱ्याला समजावताना इतक्या वेळा काढलं होतं की विचार करायची गरजच नव्हती. चष्मेवाल्याने निरोप हरवल्याचं विचारलं, तेव्हा ती न थांबता बोलत गेली. कंपनीने पैशाला हात लावायच्या आधीच 'करायला घेतलं' अशी नोंद ठेवायची. निरोप आला नाही तर 'झालं' असंही धरायचं नाही आणि 'नाही झालं' असंही नाही, ते अधांतरी ठेवायचं, आणि खरं काय ते कळेपर्यंत त्याच क्रमांकाने विचारत राहायचं. पेन टकटकायचं थांबलं.

"बहुतेक जण इथे येऊन अडकतात," चष्मेवाला म्हणाला. तो खूश दिसत होता. तिने टोपण लावून मार्कर टेबलावर ठेवला.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. तो लाजला असेल, ती स्वतःला सांगत होती. बायकोने ज्यावर रोज 'नाही' म्हटलं, त्याच जागी परक्यासमोर तोंडघशी पडला, हे कुठल्या तोंडाने सांगणार? एकदा तरी आपण खोटं 'घेतलं' म्हणायला हवं होतं. काय बिघडलं असतं? पण लाज झाकायला एक थाप पुरते. त्याने तर पूर्ण संध्याकाळ घातली होती, चहा करून, आडून-उलटं विचारून. तिला भलत्याच वाटेने पाठवायला का? की एकदा थाप मारल्यावर मागे कसं फिरायचं ते त्याला उमगलं नाही? आणि मग ती इस्त्री? दोन्ही खरं वाटत होतं, दोन्ही खोटं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या मनाचा थांग लागला नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि तिला भयंकर एकटं वाटलं. नोकरी बहुधा मिळेल, हे तिला कळत होतं. त्याचा आनंद कुठे शोधूनही सापडेना.

दार त्यानेच उघडलं. दाढी केलेली होती.

"काय विचारलं?"

चपला काढायला ती खाली वाकली. बेल्ट निघायला उगाचच वेळ लागला.

"तिकिटांचं," ती म्हणाली. "तू सांगितलंस तेच."

त्याचा हात कडीवर होता तो तिथेच राहिला. तो प्रश्न त्या कंपनीत कुणी विचारलाच नव्हता, हे आता दोघांनाही माहीत होतं. तिने मान वर केली तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला.

सासूबाईंनी पाणी आणून दिलं, कशी झाली विचारलं, ती ठीक म्हणाली. पाणी पिऊन ती झोपायच्या खोलीत गेली तर नवरा पायमोजा घेऊन कपाटाचं दार पुसत होता. खुर्च्यांचे चौकोन एकेक करून गेले. त्यांच्याखालून मागच्या सरावाच्या पुसट रेघा वर आल्या. तीन चौकोन होते, बाण होते, आणि बँकेकडून निघालेला एक बाण मधेच थांबलेला होता.

तो त्या बाणासमोर पाठमोरा उभा राहिला.

"निरोप हरवल्यावर पुढे काय करायचं," तो म्हणाला, "ते एकदा परत सांगशील?"

आवाज इतका बारीक होता की ती तिथेच उभी राहिली. रागावता आलं असतं, रडता आलं असतं, निदान का केलंस म्हणून विचारता आलं असतं. तिने पर्स पलंगावर ठेवली आणि मार्करसाठी हात पुढे केला. त्याने तो तिच्या हातात दिला, पण खुर्चीत बसला नाही. दोघं दाराकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे राहिले, आणि तो थांबलेला बाण जिथे होता तिथे तिने मार्कर टेकवला.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "आज साहेब कोण रे?"