नमुन्याचा मुलगा

नागसेनच्या वेबसाइटवर माणसं कुठून येतात, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक असायचं. शाहूपुरीत माझा सायबर कॅफे. कोण किती वाजता बसला आणि किती वाजता उठला, हे रजिस्टरात लिहायचा पोलिसांचा नियम होता. कोण काय बघत होता हे लिहायचा नियम नव्हता, पण मान वळवायला बंदीही नव्हती. नागसेननं दोन नंबरचा कॉम्प्युटर महिन्याच्या बोलीवर घेतला होता. तिथनं तो बौद्ध मुलामुलींच्या स्थळांची साइट चालवायचा. शेजारच्या खुर्चीवर शिवानी. पालकांनी पोस्टानं पाठवलेले फॉर्म ती टाइप करायची. दोघांचं काय चाललंय ते कॅफेत झेरॉक्सला येणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीत समजायचं.

शिवानीचे वडील भाऊसो एसटीतनं वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मुलगा पसंत होता, धंदा नव्हता.

"आमच्यात गाडी चालू ठिवायची का बंद करायची, ते भारमानावर ठरतंय," ते नागसेनला म्हणाले. "शिटा किती आन् माणसं किती, बास. तुझ्या साइटवर रोज तीनशे माणूस आलं पायजे, सलग तीन म्हैनं. मग लग्नाचं बोलू. न्हायतर मलकापूरचं मास्तरचं स्थळ थांबलंय."

हे बोलणं झालं तेव्हा तीनशे हा काही मोठा आकडा नव्हता. सगळं जग ज्या एका शोधयंत्रात शोधतं, त्यात 'बौद्ध वधू-वर' टाकलं की पहिल्या पानावर दुसरं नाव नागसेनच्या साइटचं. रोज साडेतीनशे माणसं त्या एका दारातनं आत यायची. मग दोन हजार सातच्या जूनमधल्या एका सोमवारी तो पहिल्या पानावर नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. मी स्वतः नवव्या पानापर्यंत शोधला आणि दमून चहा मागवला. का काढलं, हे विचारायला तिथं माणूसच नाही. नागसेननं इंग्रजीत चार पत्रं लिहिली, चारींना मशीनचं एकच उत्तर आलं. आकडा एकतीसवर आला. त्यातले नऊ तो स्वतःच होता, दर तासाला उघडून बघायचा.

"एका दारावर भरवसा ठेवलास," मी म्हणालो.

"मग दुसरं दार दाखवा की काका."

दारं तो शोधत हिंडला, हे मात्र खरं. रविवारी विहारात वंदना झाली की बाहेर उभा राहून चिठ्ठ्या वाटायचा. सांगलीच्या वधू-वर मेळाव्यात दिवसभर टेबल मांडून बसला. बँकेतल्या मंडळींच्या ईमेलच्या यादीत घुसला, ऑर्कुटवर गेला. मी वहीच्या मागच्या पानावर मांडत होतो: इचलकरंजीचा विहार चौदा, मेळावा बावीस, बँकवाले अकरा. ऑर्कुटवरनं साठ आले, पण त्यातले पन्नास कॉलेजची पोरं, मुलींचे फोटो बघून पसार. सगळं ओढूनताणून आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात अडकला.

त्यात फॉर्म अर्धवट यायचे. शिक्षणाच्या रकान्यात 'मुलगा चांगला आहे', उत्पन्नाच्या रकान्यात 'भागते'. म्हणून नागसेननं साइटवर एक भरलेला फॉर्म ठेवला. दुसऱ्या कुणाची माहिती परवानगीशिवाय कशी टाकायची, म्हणून स्वतःचीच टाकली. बी. ई., राजारामपुरीत स्वतःचं घर, एकच बहीण, तिचं लग्न झालेलं, व्यसन नाही. ब्लेझरमधला फोटो. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'नमुना'.

आता बी. ई. झालेला, स्वतःचं घर असलेला आणि बहिणीचं लग्न उरकलेला मुलगा नमुना म्हणून ठेवलाय, यावर लेकीची कुठली आई विश्वास ठेवील? चौथ्या दिवशी आकडा एकशे चाळीस. पंधरवड्यात तीनशे दहा. एक आई दुसरीला फोन करायची, दुसरी तिसरीला, आणि तिसरी भाच्याला कॅफेत पिटाळायची.

गडहिंग्लजच्या तानाबाई तर मुलीचा फोटो घेऊन थेट माझ्या काउंटरवर आल्या.

"ह्यो नमुना म्हंजे वरनं दाखवायला ठिवलाय व्हय? तसली आत आणि किती हायत?"

"आत्या, तो फॉर्म कसा भरायचा त्यासाठी आहे," नागसेन म्हणाला.

तानाबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "आगं बया, ह्योच की त्यो! मग ह्योच द्या की. आमाला दुसरा नको."

शिवानीनं टाइप करायचं थांबवलं नाही. फक्त कीबोर्डचा आवाज वाढला.

पहिल्या महिन्यात नमुन्यासाठी एकेचाळीस पत्रं आली. उत्तरं टाइप करायला शिवानीच: 'आपल्या मुलीची माहिती मिळाली. सध्या विचार चालू आहे.' एकेचाळीस वेळा. 'ठरलंय' असं लिहू का, म्हणून तिनं एकदा विचारलं. नागसेन घाईघाईनं नको म्हणाला, एका आईला कळलं की दोनशे आयांना कळतं.

एक तारखेला भाऊसो यायचे, चष्मा पुसायचे आणि आकडा बघायचे. "भारमान झ्याक हाय," म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी एक शेपूट जोडलं, "आन् लग्नानंतरबी आसंच टिकवायचं बरं का. रिकाम्या गाडीचा डायवर जावई नको मला."

त्या दिवशी नागसेननं चहा तसाच ठेवला. मीही हिशेब केला होता. तीनशे बारातले दोनशे छत्तीस फक्त ते एक पान उघडून जात होते. म्हणजे शिवानी मिळवायची तर त्यानं बिनलग्नाचा दिसायला हवं. आणि मिळाल्यावरही तसंच दिसत राहायला हवं.

"काढ ते पान," शिवानी म्हणाली.

"काढलं तर शहात्तर. शहात्तर झाले तर मास्तर."

"आणि ठेवलं तर?"

"आणखी सव्वीस दिवस."

"सत्ताविसाव्या दिवशी काढशील?"

तो माउस उगाच हलवत राहिला.

सव्वीस दिवसांत त्यानं काय केलं नाही! दुसरा बी. ई. नमुना मिळतो का म्हणून मित्रांच्या घरी खेटे घातले. सगळ्यांची लग्नं झालेली, नाहीतर आया तयार नाहीत. पुन्हा विहार, पुन्हा मेळावा. नमुना सोडून आकडा ब्याऐंशीच्या वर गेला नाही.

नव्वदाव्या दिवशी भाऊसो पेढेच घेऊन आले. "झालं तर मग. मे म्हैन्यात उरकू."

"आप्पा," शिवानी म्हणाली, "एवढी माणसं चढली, पण उतरतात कुठं ते विचारा की ह्याला."

आणि तिनं ते पान उघडून खुर्ची त्यांच्याकडं वळवली. भाऊसोंनी सावकाश वाचलं. होणारा जावई तीन जिल्ह्यांतल्या आयांपुढं मांडून ठेवलेला.

"ह्ये आता काढाय पायजे."

"काढतो मामा."

"मग किती ऱ्हातील?"

"ऐंशीच्या आसपास."

 एसटीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. पेढ्याचा पुडा या हातातनं त्या हातात गेला. "मग ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "लगीन झाल्यालं फोटोत दिसतंय व्हय?"

शिवानी नागसेनकडं बघत होती. तिला फक्त त्याचं बोट त्या बटणावर जाताना बघायचं होतं. बोट गेलंही. पण त्याआधी त्याची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली, तीनशे एकोणीस, आणि तिथं थांबली. फार नाही, पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ. मग त्यानं पान काढलं.

"बघत होतास," ती म्हणाली.

"काढलं की मी!"

"व्हय. बघून काढलंस."

भाऊसो पेढे परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आकडा एकशे चार, तिसऱ्या दिवशी एकोणऐंशी.

चौथ्या दिवशी शिवानी वेळेवर आली. पिशवीतनं एक फॉर्म काढला, स्वतःचा, एकही रकाना न सोडता भरलेला. अपेक्षेच्या रकान्यात एकच ओळ, 'विचारल्यावर लगेच उत्तर देणारा'. नियमाची फी माझ्या काउंटरवर ठेवून पावती मागितली. मग आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसून तिनं तो टाइप केला आणि मंजुरीसाठी नागसेनच्या पडद्यावर पाठवला.

"मास्तरांना पण नाही म्हटलंय," ती म्हणाली. "दाब."

त्याला अर्धा तास लागला. ती शेजारीच बसून राहिली, तो दाबेपर्यंत. दुपारी चारपर्यंत त्या पानावर एकशे नव्वद माणसं येऊन गेली. शोधयंत्रातनं एकही नाही.