चुकांची पाटी

ताईनं साचा बशीवर उपडा केला, तळाला दोन थापा मारल्या आणि श्वास रोखून तो वर उचलला. जेली निघाली नाही, सांडली. लाल पाणी बशीची कड ओलांडून ओट्यावर आलं आणि ओट्यावरून तिच्या पावलांवर ओघळलं. अर्धी कापलेली स्ट्रॉबेरी, तुती आणि अननसाच्या फोडी तेवढ्या बशीत बसून राहिल्या.

"धरली का?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"धरतेय," ताई म्हणाली आणि फडकं शोधू लागली.

सकाळचे अकरा वाजले होते. घरी नवऱ्याला काल उरलेलं गरम करून खा म्हणून सांगून ती साडेसहालाच इथे आली होती. फळं धुतली, देठ काढले, साखरेत मुरवली, मंद आचेवर त्यांचा रस सुटू दिला. जिलेटिन गार पाण्यात फुलवलं, रस खाली उतरवल्यावरच त्यात विरघळवलं आणि सगळं निवल्यावर वरून अननस घातलं. बाबा खुर्ची ओढून दारात बसले होते आणि एकेक पायरी सांगत होते. तिनं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. तीन तास फ्रीजमध्ये राहूनही ते पाणीच राहिलं, म्हणजे आता काय त्याच्यापुढे हात जोडायचे?

एरवी जेली धरली काय, न धरली काय, कोणाचं अडलं नसतं. आज अडणार होतं. संध्याकाळी पाचला धाकटा भाऊ येणार होता, आणि तो नुसता भेटायला येत नव्हता. बाबांनी हे घर बंद करून आपल्याकडे राहायला यावं असं त्याचं सहा महिने चाललं होतं. चहाचं भांडं दोनदा जळलं होतं. एकदा बाबा भलत्याच स्टॉपवर उतरून तासभर बसून राहिले होते. तो असं एकेक मोजून दाखवी आणि ताई फोनवर त्याला एकेक ठिगळ लावी. भांडी काय तरुणांची जळत नाहीत? स्टॉपची पाटीच मुळी झाडाआड आहे. शेवटी बाबांनीच फोन हातात घेतला होता.

"ये रविवारी. माझी जेली खा. डोकं ठिकाणावर असल्याशिवाय जेली होत नाही. नीट झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. बिघडली तर म्हणशील तिथे येतो."

धाकट्यानं हो म्हटलं होतं. त्याला नाही म्हणता आलं नसतं, कारण जेली म्हणजे बाबांचा प्रांत. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली एकोणीस मुख्य म्हणून. तिथे सगळे त्यांना वस्ताद म्हणत. घशाखाली काही न उतरणारे रोगीसुद्धा वस्तादांची लाल जेली मागून घेत. गेल्या वर्षापासून हात थरथरायला लागला म्हणून आज सुरी आणि पातेलं ताईकडे होतं. डोकं मात्र वस्तादांचं.

बाबा काठी टेकत आत आले आणि त्यांनी बशीत बोट बुडवून पाहिलं.

"जिलेटिन उकळलंस तू."

"नाही उकळलं. तुम्ही समोर होता."

"मग कमी घातलंस."

"चमचा तुम्ही मोजलात, बाबा."

"माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. एकाचीही जेली कधी पाणी झाली नाही." नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलेलं तिला दिसलं. "पुन्हा कर. दुप्पट घाल. दोन्ही पुड्या संपव."

ताईनं पातेलं पुन्हा विसळायला घेतलं. ती पोटासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. शिकाऊ माणूस भिंतीकडे निघाला की तिच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा. या स्वयंपाकघरात तो कुठेच नव्हता. तिनं उरलेल्या सगळ्या स्ट्रॉबेरी परातीत ओतल्या आणि पुन्हा देठ काढायला बसली. तुतीनं बोटं जांभळी झाली होती, नखांत बिया अडकल्या होत्या, आणि घराघरात अशा गोष्टी हौसेनं करणाऱ्या बायकांचा तिला मनापासून राग आला.

"अननस?" तिनं विचारलं. "ते डब्यातलं आहे ना कपाटात?"

"डब्यातलं आजाऱ्यांना," बाबा सकाळी म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले. "घरच्या माणसाला ताजं. चांगलं वाटीभर घाल, रसासकट. आंबटपणा त्यानंच येतो."

सगळं निवल्यावर तिनं वाटीभर घातलं, रसासकट.

तीन वाजता तिनं फ्रीज उघडला तेव्हा पहिले पाढे पंचावन्न. साचा हलवला तर आत लाट आली. ताईनं दार असं आपटलं की वरचं घड्याळ वाकडं झालं. बाबा बाहेर खुर्चीतच डुलक्या घेत होते. तिला रडायला आलं आणि रडायला आल्याचा आणखी राग आला. इतक्या वयाची बाई, चौकात ट्रकवाल्यांना मागे सरकवणारी, आणि एका वाटी जेलीनं तिच्या नाकी नऊ आणले!

एखादी पुडी मागे राहिली असेल म्हणून तिनं कपाट उपसलं. पुडी नव्हती. दुकान रविवारी पाचशिवाय उघडत नव्हतं. मागच्या रांगेत अननसाचा डबा तेवढा होता, आणि त्यावर चिकटपट्टी लावून बाबांच्या तिरक्या, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : फक्त जेलीसाठी.

ताई डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. सुट्टीतल्या दुपारी ती बाबांबरोबर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जायची तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. उंच फळीवर असेच डबे ओळीनं असत. एकदा नव्या आचाऱ्यानं जेलीत ताजं अननस चिरून घातलं होतं. सगळं स्वयंपाकघर थांबवून बाबांनी त्याला समजावलं होतं, की ताजं अननस जेली धरू देत नाही, कितीही जिलेटिन घाल. शिजवलेलं नाहीतर डब्यातलंच. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे. मीठ कुठे आहे ते नंतर.

केराच्या बादलीत अननसाची सालं वरच पडली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा राग क्षणात विरला. राग राहिला असता तर बरं झालं असतं. रागाच्या जागी जे आलं ते तिला सोसवेना. धाकटा खरं बोलत होता. सहा महिने तो खरं बोलत होता आणि ती ठिगळं लावत होती.

तिनं मागे वळून पाहिलं. बाबांची मान छातीवर कलली होती. बोटं काठीवर होती.

फ्रीजच्या शेजारी खिळ्याला पाटी टांगलेली होती. तीही इस्पितळातलीच रीत. बाबांच्या स्वयंपाकघरात ज्याच्या हातून काही बिघडेल त्यानं ते स्वतः पाटीवर लिहायचं, कोणी पकडण्याआधी. लिहिलं की विषय संपला, कोणी एक शब्द बोलायचा नाही. लपवलं तर मात्र खैर नाही. घरी आईनंही ती पाटी हसत हसत लावून घेतली होती. काचेचा ग्लास, गणिताची वही, शेजारच्यांची सायकल असं सगळं त्यावर येऊन पुसून गेलं होतं. नाव कोणी लिहीत नसे, अक्षरावरून कळायचं. आता कित्येक महिने पाटी कोरी होती.

ताईनं खडू उचलला आणि लिहिलं : जेलीत ताजं अननस घातलं. मी.

मग तिनं अननसाची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून खाली नेऊन टाकली.

धाकटा पाचला पाच मिनिटं असतानाच आला. हातात मोसंबी आणि खांद्यावर जड बॅग. वाकून बाबांच्या पाया पडला, त्यांचा चष्मा पुसून दिला. मग पाणी प्यायला आत आला आणि पाटीसमोर हसायला लागला.

"ताई! तू अजून लिहितेस?" आणि बाबांना ऐकू जावं म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं, "'जेलीत ताजं अननस घातलं. मी.' अगं, एवढं तर मलाही माहीत आहे!"

"चुकलं," ताई म्हणाली. "घाई झाली. बाबांनी डब्यातलंच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"तू ऐकलंस कधी!"

बाबांनी ग्लास तोंडाला लावला होता. ताईनं जेली ग्लासांत ओतून सरबत म्हणून दिली होती. त्यांनी ग्लास खाली ठेवला. अननस, असं ते पुटपुटले आणि ग्लासातल्या पिवळ्या फोडीकडे पाहत राहिले.

"म्हणजे बाबांची चूक नाही," ताई भराभर म्हणाली. "त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, मग ठरल्याप्रमाणे ते इथेच. विषय संपला."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं, मग गॅलरीकडे मान हलवली. दोघं बाहेर गेली. त्यानं दार ओढून घेतलं.

"मला काय हौस आहे का ताई? घरात आम्ही चार माणसं, त्यात बाबांना न्यायचं म्हणजे..." त्यानं बंद दाराकडे पाहिलं. "गेल्या रविवारी फोनवर त्यांनी मला विचारलं, तीन नंबर वॉर्डाचे ट्रे गेले का. मी म्हटलं, गेले. म्हणाले, बरं झालं. तुला सांगितलं नाही, तू पुन्हा भांडली असतीस."

"झोपेत असतील."

"दुपारी बारा वाजता?"

ताईनं कठडा घट्ट धरला. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि फार वाकडी घेत होतं.

"ते या घरात पडले तर?" धाकटा म्हणाला. "तू रोज येणार आहेस?"

"येईन."

"गाडी शिकवायचं सोडून?"

तिला त्याला मारावंसं वाटलं, लहानपणी मारायची तसं, पाठीत. कारण तो बरोबर होता, आणि बरोबर असूनही गुरगुरत नव्हता. तेवढीही सोय त्यानं तिला ठेवली नव्हती.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. दोघं घाईनं आत वळली.

बाबा पाटीसमोर उभे होते. एक हात फ्रीजवर टेकलेला, दुसऱ्यात ओलं फडकं. ताईची ओळ त्यांनी पुसून काढली होती. खडू थरथरत होता म्हणून अक्षरं एकमेकांवर चढली होती, पण तिरकी आणि ठसठशीत होती. डब्यावर होती तशीच.

ताजं अननस घालायला मी सांगितलं. दोनदा.

"बाबा," ताई म्हणाली, "मीच..."

"पाटीवर खोटं लिहायचं नाही, ताई." आवाज वस्तादांचा होता, स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू जाईल असा. "या घरात कोणी लिहिलं नव्हतं. तुझी सायकलची गोष्टसुद्धा तू खरी लिहिली होतीस."

धाकट्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. लिहिल्यावर बोलायचं नसतं, हे तो विसरला नव्हता. वाकड्या घड्याळात साडेपाच झाले.

बाबांनी फडक्यानं बोटं पुसली, एकेक करून, कामावरून सुटताना पुसायचे तशी. मग ते वळले आणि धाकट्याला म्हणाले,

"तुझ्या स्वयंपाकघरात एखादा खिळा आहे का? पाटी टांगायला?"

"नाही," धाकटा म्हणाला. "ठोकेन मी."

"फ्रीजच्या शेजारी ठोक. आणि मुलांच्या हाताला येईल असा."

ताई भिंतीकडे तोंड करून ग्लास विसळू लागली. एका ग्लासात तळाशी लाल घोट उरला होता. तो तिनं ओतून दिला नाही, पिऊन टाकला. चांगला लागला, आंबटगोड. मग हात पुसून तिनं खडूची पेटी खाली काढली आणि बाबांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी, विसरणार नाही अशी ठेवली.