हॉथमच्या चढावरच्या साखळ्या

ऑस्ट्रेलियातलं हॅरिएटव्हिल गाव मागे टाकून हॉथम डोंगराचा घाट चढू लागलो, तसा बर्फ पडायला लागला आणि बाबा लहान मुलासारखे काचेला नाक लावून बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा वर्षांनी ते पुन्हा स्कीइंगला निघाले होते. पुढे ‘साखळ्या लावा’ अशी पाटी दिसली; बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना त्या गुंडाळाव्या लागतात. मी गाडी बाजूला घेतली. बाबा दार उघडू लागले, तसं मी दरडावलं, “जागचं हलायचं नाही! यंदा साखळ्या मी लावणार.”

“अगं रोवेना, बोटं गोठतील तुझी!”

“गोठू देत.”

ओल्या बर्फात गुडघे टेकून मी पुढच्या चाकावर साखळी पसरली. आतला हूक तीनदा निसटला. शेजारच्या गाडीचा दाढीवाला येऊन म्हणाला, “मी लावून देऊ का?”

मी मान वर करायच्या आत बाबा खिडकीतून ओरडले, “आधी स्वतःच्या बघ, बाळा! तुझ्या गाडीच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आणि साखळ्या तू लावल्यास मागच्यांना!”

दाढीवाला कपाळावर हात मारून पळाला. मला हसू आवरेना, पण चौथ्या खेपेला हूक अडकला. दुसरं चाक तर पाच मिनिटांत झालं. थोडं पुढे जाऊन मी साखळ्या पुन्हा ताणल्या. मग गाडी खडखडत चढू लागली, जराही घसरली नाही.

वळण संपलं आणि अख्खा पांढरा डोंगर समोर आला.

“पळव, पोरी, पळव!” बाबांनी मांडीवर थाप मारली.

“साखळ्या लावून पळवायची नसते, तुम्हीच शिकवलंत!” मी ओरडले. पण माझंही काळीज केव्हाच वर पोचलं होतं.