मोड बदलला तेव्हा

नवं विमान चढवताना कॅप्टन जयवंत पेडणेकरांना कधी त्रास झाला नाही. उतरवताना व्हायचा.

जुन्या विमानांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे खाली यायला कुठे सुरुवात करायची, हे ते मनातल्या मनात हिशेब करून ठरवत आणि हाताने विमान आणत. पंच्याऐंशी साली कंपनीने कॉम्प्युटरवालं विमान घेतलं. आता उतरायची वाट कॉम्प्युटर आखे. कुठल्या ठिकाणी किती उंची ठेवायची ते त्यात आधीच भरलेलं असे, आणि ऑटोपायलट इंजिनं मंद ठेवून त्या वाटेने विमान खाली आणी. ऑटोपायलट कुठल्या पद्धतीने चाललाय, म्हणजे कुठला मोड चालू आहे, ते समोरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसे. मोड बदलला की अक्षरं बदलत. घंटा वाजत नसे.

“चढताना ह्याच्या पोटात काय आहे ते कळतं,” ते बायकोला, नलिनीला, एकदा म्हणाले. “उतरताना नाय कळत.”

“मग विचारा ना कुणाला तरी.”

“कोणाला विचारू? दुसऱ्यांना शिकवतो मीच.”

त्यांनी शिकवलेल्यांपैकी चंद्रप्रकाश वालावलकर हा त्यांचा लाडका को-पायलट. मुलुंडला बायको कुंदाबरोबर राहायचा. कमी बोलायचा, पण डोळा बारीक.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघे पूर्वेकडून मुंबईत उतरत होते. खाली नुसते ढग. कुठवर उतरायचं त्या आकड्यात जयवंतांनी सगळ्यात खालची उंची लावून ठेवली होती. त्यात चूक नव्हती. आखलेल्या वाटेचा मोड असेपर्यंत विमान मधल्या उंचीच्या अटी आपणहून पाळतं. मुंबईच्या पूर्वेचे डोंगर ओलांडेपर्यंत फार खाली यायचं नाही, ही त्यातलीच एक अट.

तेवढ्यात रडारवाल्याने पुढच्या विमानामुळे दिशा बदलायला सांगितली. जयवंतांनी दिशेचं बटण दाबलं. वाट सुटली, तसा वाटेचा मोडही सुटला. त्या क्षणी विमान मिनिटाला जेवढं खाली जात होतं तेवढंच आता जात राहणार होतं. डोंगराची अट त्याच्या लेखी उरलीच नव्हती.

“सर, मोड बदलला,” चंद्रप्रकाश म्हणाला.

जयवंत रेडिओवर बोलत होते. त्यांनी हाताने त्याला थांबवलं.

“सर, हे आता नुसतं खाली जाणार. डोंगराची उंची नाही धरणार.”

“धरेल रे. भरलंय मी सगळं.”

ढग फाटले तेव्हा समोर हिरवा डोंगर होता, झाडं दिसण्याइतका जवळ. धोक्याचा भोंगा वाजायला लागला. जयवंतांनी ऑटोपायलट बंद केला, इंजिनं पूर्ण जोरात टाकली आणि विमान वर खेचलं. डोंगर खालून निघून गेला. मागे चहाची ट्रॉली उलटली आणि शकु नावाच्या एअरहोस्टेसचं मनगट मोडलं. सहार विमानतळावर उतरेपर्यंत दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

तेच विमान संध्याकाळी पुढच्या फेरीला गेलं. कॉकपिटमधलं बोलणं टेप होतं, पण नवं बोलणं जुन्यावर चढतं. चौकशी बसली तोवर त्या दुपारचं काही उरलं नव्हतं.

चौकशीत आधी चंद्रप्रकाशला विचारलं.

“मोड बदललेला तुम्ही पाहिलात?”

“नाही सर. दोघांच्याही लक्षात आलं नाही. ढगात होतो.”

जयवंत शेजारीच होते. पोरगा आपल्याला वाचवतोय हे त्यांना कळलं. दोघांनाही दिसलं नाही म्हटलं की दोष निम्मा यंत्राचा, निम्मा ट्रेनिंगचा. त्यांची पाळी आली.

“ह्याने पाहिलं होतं,” ते म्हणाले. “दोनदा सांगितलं मला. मी ऐकलं नाही.”

चंद्रप्रकाशने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

जयवंतांचं उडणं बंद झालं. ऑफिसात टेबल मिळालं. चौकशीत खोटं बोलला म्हणून चंद्रप्रकाश सस्पेंड झाला आणि कॅप्टन होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

एका रविवारी सकाळी तो मरोळला त्यांच्या घरी आला. नलिनीने पाणी आणलं. तो बसला नाही.

“खरं सांगायचं होतं तर मला आधी सांगायचंत ना, सर. मला बोलू दिलंत, मग खोटं पाडलंत.”

“मला वाटलं, तुझं नाव राहील.”

“राहिलं ना. खोटारडा म्हणून.” त्याचा आवाज चढला नव्हता. “कुंदा विचारते, सर तुझ्या बाजूचे की विरुद्ध. काय सांगू तिला?”

चंद्रप्रकाश गेल्यावर नलिनी पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी राहिली.

जयवंत वरच्या साहेबांकडे दोनदा जाऊन आले. नियम आहे, एवढंच उत्तर मिळालं. सस्पेन्शन संपल्यावर चंद्रप्रकाशला जुन्या विमानांवर टाकलं, आणि वर्षभरात तो आखातातल्या एका कंपनीत निघून गेला. जयवंतांना हे कॅन्टीनमध्ये कळलं. पुढे तो तिकडे कॅप्टन झाल्याचंही तिथेच कळलं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मुलुंडला फोन लावला. कुंदाने उचलला.

“ते तिकडेच असतात. कोण बोलतंय?”

“पेडणेकर.”

पलीकडे वाजणारा रेडिओ बंद झाला.

“कॅप्टन झाला म्हणून कळलं,” जयवंत म्हणाले. “बरं वाटलं. सांग त्याला.”

“सांगते,” कुंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने सांगितलं की नाही, ते त्यांना कधीच कळलं नाही.