मी रेषेच्या आत होते

क्लबच्या दिवाणखान्यात एका काचेच्या पेटीवर पितळी पाटी आहे : ‘ही टान्स्ले याची बॅट. स्वतःच्या घाईमुळे तो धावबाद झाला व परगण्याने सामना गमावला.’ पाटीवर दोन वाक्ये आहेत. त्यांतले पहिले खरे आहे.

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे; पहिल्या वाक्यातली. दुसरे वाक्य कोरण्यापूर्वी समितीने मला काहीच विचारले नाही. त्या क्षणी माझे टोक कुठे टेकलेले होते, हे माझ्याइतक्या जवळून कोणी पाहिले नव्हते. पण समितीला साक्षीपेक्षा पितळ अधिक विश्वासार्ह वाटले असावे.

गाड्यांची चाके करणाऱ्या एका सुताराने मला ओढ्याकाठच्या विलोच्या लाकडातून घडवले. माझा धनी एनॉक टान्स्ले मागावर मोजे विणी. त्याच्या बायकोने, केझायाने, माझ्या मुठीला मागावरचाच दोरा मेण लावून गुंडाळला. दर शनिवारी मला जवसाचे तेल मिळे. परगण्याच्या संघात एनॉक मजुरीवर खेळे. असे खेळाडू मैदानात बाजूच्या फाटकाने शिरत. खानदानी हौशी मंडळी पुढच्या दाराने येत आणि त्यांच्या नावाआधी ‘श्रीयुत’ लागे. हंगामाचे बोलावणे आले की एनॉकची उन्हाळाभर मागापासून सुटका होई. त्याला तेवढेच हवे होते.

शेजारच्या परगण्याविरुद्ध शेवटची जोडी खेळत होती : एनॉक आणि कर्णधार श्रीयुत लुडोविक चेस्नी. एनॉकने चेंडू हलकेच ढकलला आणि हात वर करून ‘नको’ म्हटले. कर्णधार मात्र पळत सुटले होते. ते थेट आमच्या टोकाला येऊन थांबले. मी रेषेच्या आत टेकलेली होते. नियमाने बाद होणार होते ते कर्णधार. पण त्या मैदानावर नियमापेक्षा थोर असा एक रिवाज होता : असा पेच पडला की मजुरीवाल्याने आपला बळी द्यायचा. सामना तर दोघांपैकी कोणीही बाद झाले तरी गेलाच होता. नाव कोणाचे लागायचे, एवढेच उरले होते.

“टान्स्ले, बाहेर जा,” चेस्नी हळूच म्हणाले.

एनॉकने मला उचलले आणि तो चालत बाहेर पडला. घाई त्याच्या पायांत नव्हती; ती पुढे पाटीवर आली.

“साहेबाला खाट दिलीस आणि स्वतः जमिनीवर निजलास होय रे?” गुत्त्यात विणकरांनी त्याला डिवचले. केझायाने घरी एवढेच विचारले, “माझं एक ऐकत नाहीस कधी. आणि तो ‘बाहेर जा’ म्हणाला, तर लगेच निघालास?”

पुढच्या हंगामाचे बोलावणे आले नाही. नंतरही कधी आले नाही. एनॉक मागावर बसला, शनिवारी विणकरांच्या संघातून खेळला, आणि क्लबने आठवण म्हणून मला मागितले तेव्हा त्याने मला देऊन टाकले. केझाया संतापली. तो म्हणाला, “असू दे गं. ती तिथे राहिली, तर तिथे जायला मला निमित्त राहील.”

तो खरोखर गेला. दर वर्षीच्या मेजवानीत तो टेबलाच्या टोकाशी उभा राही आणि एकच प्रश्न विचारी : रेषेच्या आत कोण होतं? दर वर्षी त्याच्या हाती बिअरचा पेला देऊन, पाठ थोपटून, त्याला अत्यंत सभ्यपणे दाराबाहेर काढले जाई. केस पांढरे झाले. प्रश्नातला एक शब्दही बदलला नाही.

मित्रांनो, माझी काच पुसता, त्याबद्दल आभार. पण लाकडाची निगा राखून माणसावरचा डाग तसाच ठेवणे, याला मी जतन म्हणत नाही. आधी ती पाटी उतरवा. पुरावा हवा असेल, तर अखेरच्या मेजवानीत काठी टेकत उठलेल्या चेस्नींनी भरल्या टेबलासमोर एनॉकला दिलेले उत्तर जसेच्या तसे ऐका. समितीने ते ऐकले आणि पुढचे पक्वान्न मागवले.

“तू आत होतास, टान्स्ले. बाद मी होतो. मी ‘बाहेर जा’ म्हणालो, कारण तू जाशील हे मला ठाऊक होतं. आणि पुढच्या हंगामात तुला बोलावू नका, हेही मीच सांगितलं. तू रोज समोर दिसला असतास. ते मला नको होतं.”